तळ्याची पाळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार शब्द लिहावेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. विषय कोणता घ्यावा, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाककृती आणि उखाणे पुष्कळ आले आहेत. तुम्ही काही निराळे लिहा." निराळे म्हणून मी मातीच्या तळ्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. भगिनींना तो रुक्ष वाटेल, अशी भीती आहे. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या एका वस्तूपायी आपला जीव टांगणीला लागतो, ती वस्तू पाणी. आणि आपल्या भागात पाणी अडते ते मोठ्या सिमेंटच्या भिंतींनी नव्हे, तर साध्या मातीच्या पाळीने. तेव्हा तिची ओळख करून घेणे हे बायकांचे काम नाही, असे कोण म्हणेल?

माझे सासर दिंद्रुडचे आणि माहेर बालाघाटाच्या डोंगरकडेचे, जेमतेम शंभर उंबऱ्यांचे. दोन्ही गावांचा निसर्ग एकच. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस सरासरीने वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार-दोन दांडग्या सरींत पडून मोकळा होणारा. काळी माती एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. ते नाल्याने सिंदफणेला आणि सिंदफणेतून गोदावरीला निघून जाते. पोळा होतो, दसरा होतो, आणि संक्रांतीचे वाण लुटून होते न होते तोच विहिरीचा तळ दिसू लागतो. पाणी नाही असे नाही, पाणी थांबत नाही, हे आपल्या मुलखाचे खरे दुखणे आहे.

हे दुखणे आजचे नाही आणि त्यावरचे उपायही आजचे नाहीत. बीडजवळची खजाना विहीर आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात ती बांधली गेली आणि तिचे पाणी भुयारी पाटांनी शेतांपर्यंत नेले गेले. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारव आणि घाट बांधले, हे तर शाळेतल्या मुलीलाही ठाऊक असते. महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक १८८३ साली लिहिले. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवावे, असा विचार त्यांनी त्यात मांडला. म्हणजे जे आपण आज 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतो, ते सांगून झाल्याला सव्वाशे वर्षे केव्हाच उलटली.

मोठी कामे पुढे झाली. बीड शहराजवळ बिंदुसरा नदीवर मातीचे धरण १९५५ साली पूर्ण झाले, तेव्हा आपण अजून हैदराबाद राज्यात होतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला. पैठणच्या धरणाची कोनशिला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचे ते धरणही मुख्यतः मातीचेच आहे. त्याच योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर आपले माजलगावचे धरण झाले, १९८७ साली. या मोठ्या धरणांवर पुस्तके निघाली, भाषणे झाली. परंतु ज्या लहान तळ्यांनी खेडी जगवली, त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. म्हणून मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

बहात्तरचे तळे

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. मृग कोरडा गेला, पेरलेले उगवले नाही, उगवलेले वाळले. १९७२ च्या दिवाळीपासूनच गावोगाव दुष्काळी कामे निघाली: कुठे सडक, कुठे खडी फोडण्याचे काम, कुठे नालाबांध, कुठे पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात तर उभ्या महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. माझ्या माहेरच्या शिवारात पाझर तलावाचे काम निघाले. माझी माय त्या कामावर जात होती आणि मी तिच्याबरोबर जाऊन मजुरांना पाणी पाजत होते.

ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पुरुष कुदळीने माती खणत, बायका टोपल्याने ती वाहत. सकाळी उन्हे वर येण्याआधी निघायचे आणि दिवस मावळताना परतायचे. झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात तान्ही मुले निजवलेली. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोच्या भाकरी. त्या थापताना मोडत आणि खाताना घशाखाली उतरत नसत. ज्या बायांनी कधी घराचा उंबरा ओलांडून मजुरी केली नव्हती, त्याही पदर खोचून टोपले उचलताना मी पाहिल्या. तिथे जात विचारायला कोणाला सवड नव्हती. टोपले सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच वजनाचे होते.

मराठवाड्यातल्या पुष्कळशा पाझर तलावांचा जन्म त्या वर्षांतला आहे. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. विधिमंडळाने तो १९७७ साली संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची हमी त्याने दिली आणि कामावर पिण्याचे पाणी, सावली व मुलांची सोय असावी, हेही मानले. २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्राने हा मार्ग दाखवला होता. आणि त्या मार्गावरची माती बायकांनी वाहिली होती, हे आपण विसरता कामा नये.

पाळ कशी उभी राहते

मातीचे तळे म्हणजे नाल्यात मातीचा ढीग घालणे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आधी नाल्याच्या आडव्या रेषेवर खोल चर खणतात, थेट कठीण थरापर्यंत. त्यात चिकण माती भरून ती दाबतात, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. या चरावर पाळीचा गाभा उठतो. तो काळ्या, पाणी न सोडणाऱ्या मातीचा. परंतु काळी माती उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. ती उघडी ठेवून चालत नाही. म्हणून तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचे जाड पांघरूण घालतात. माती पातळ थरांनी पसरायची, तिच्यावर पाणी शिंपडायचे, रोलर फिरवायचा, मगच पुढचा थर. घाई झाली, थर जाड पडले किंवा दाबणी कमी झाली, तर पाळ पहिल्याच पावसात बसू लागते. पाण्याच्या अंगाला दगडांचे अस्तर लावतात, कारण वाऱ्याने उठणाऱ्या लाटा माती चाटून नेतात. मागच्या पायथ्याशी दगडांची रास घालतात, म्हणजे जे थोडे पाणी झिरपेल ते माती न नेता बाहेर पडते.

आणि या सगळ्यांहून महत्त्वाचा सांडवा. तळे भरले की जास्तीचे पाणी पाळीच्या बाजूने, कठीण जमिनीवरून सुखरूप निघून जावे यासाठी केलेली ती वाट. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती बहुधा टिकते. मातीच्या पाळीवरून ते गेले तर काही घटकांत पाळ कापली जाते. म्हणून सांडव्याची पातळी पाळीच्या माथ्यापेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. मधली ती मोकळी उंची वाया गेली आहे, असे समजू नये. गावाचे प्राण त्या उंचीत असतात.

तळे काय देते

आता एक हिशेब पाहू. घरखर्च मांडणाऱ्या बाईला तो अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते. तळ्याकडे १०० हेक्टरांचे पाणी वाहून येत असेल आणि वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या जमिनीवर पडलेले पाणी ६० कोटी लिटर होते. त्यातले दहा टक्केच वाहून तळ्यात आले, असे धरले तरी ६ कोटी लिटर. दर माणशी दिवसाला ४० लिटर याप्रमाणे ५,००० वस्तीच्या गावाला दिवसाला २ लाख लिटर लागतात. म्हणजे हे पाणी ३०० दिवसांचे झाले.

हिशेब गोड आहे, पण सूर्य त्यात वाटेकरी आहे. आपल्याकडे उघड्या पाण्यातून वर्षाला सहा-सात फूट पाणी उडून जाते. म्हणूनच आपल्या भागात पाझर तलावाला महत्त्व. त्याचे पाणी पाटाने काढत नाहीत, ते जमिनीत मुरू देतात. मुरमाच्या थरातून ते खालच्या अंगाच्या विहिरींना मिळते आणि तिथे उन्हापासून सुरक्षित राहते. माझ्या माहेरी तळे होण्यापूर्वी होळीनंतर विहिरीत उतरून वाटीने पाणी भरावे लागे. तळे झाल्यावर, बरा पाऊस झालेल्या वर्षी, वैशाखातही पोहरा बुडू लागला. दोन मैलांवरून हंडे आणणाऱ्या बायांची ती पायपीट थांबली, आणि मुली शाळेत जाऊ लागल्या. तळ्याने काय दिले, याचा माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा जमाखर्च.

अर्थात तळे पाऊस निर्माण करीत नाही. लागोपाठ अवर्षण झाले की तेही कोरडे पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले. शिवाय दरवर्षी पुराबरोबर गाळ येतो आणि तळ्याचे पोट लहान होत जाते. हा गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्यात २०१७ पासून सुरू झाली, ती दोन्हीकडून लाभाची आहे. मात्र गाळ काढताना एक पथ्य पाळावे. पाळीच्या पायथ्याशी खणू नये आणि तळाचा चिकण थर फोडून खड्डे पाडू नयेत.

ती पंचमीची रात्र

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

१९८८ साली मी पंचमीला माहेरी गेले होते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि तळे काठोकाठ भरले होते. काठोकाठ म्हणण्याला कारण होते. खालच्या विहिरींना आणखी पाणी मिळावे म्हणून कोणीतरी सांडव्याच्या तोंडावर दगड व मातीची पोती रचून तो दोन-अडीच फूट उंच केला होता. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट सगळ्यांना ती हुशारी वाटली होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही चार-पाचजणी तळ्याच्या खालच्या ओढ्यावर धुणे धुवायला गेलो. ओढ्याचे पाणी नेहमी काचेसारखे स्वच्छ असे, कारण ते झिरपून येई. त्या दिवशी माझ्या चुलतीने लुगडे बुडवले आणि ते पिवळसर निघाले. आकाश तर दोन दिवस कोरडे होते. चुलती म्हणाली, "पाऊस नाही, मग पाणी गढूळ कशानं आलं गं?" आम्ही ओढ्याच्या काठाने वर गेलो. पाळीच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे एक मोठी बाभूळ होती आणि जी कोणी तोडून नेली होती, त्याच्या जरा खाली मनगटाएवढी धार वाहत होती. तिच्याबरोबर मातीचे कण बाहेर पडत होते.

आम्ही धावत गावात आलो. काहीजणांनी हसण्यावारी नेले. तळे म्हटल्यावर पाझरणारच, असे त्यांचे म्हणणे. परंतु बहात्तरला त्याच तळ्यावर मुकादम असलेले एक म्हातारे आबा काठी टेकत उठले. ते एवढेच म्हणाले, "पाळीतून पाणी आलं तर भ्यायचं नसतं. पाणी माती घेऊन आलं, की मग थांबायचं नसतं."

पुढे जे झाले ते त्यांच्या सांगण्याप्रमाणे. पहिले काम म्हणजे सांडव्यावरची पोती आणि दगड काढून टाकले. पाणी मोकळे झाले आणि तळ्याची पातळी हळूहळू उतरू लागली. दुसरे, ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसे, म्हातारी-कोतारी, जनावरे, सगळी उंचावरच्या शाळेत नेली. तिसरे, त्या धारेच्या तोंडाशी काम सुरू झाले. तरुण पोरे चिखलाचा गोळा घालून भोक बुजवायला निघाली होती. आबांनी त्यांना अडवले. तोंड बुजवले तर पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून फोडून निघते. त्यांनी आधी वाळू टाकायला लावली, वाळूवर बारीक खडी, खडीवर दगड. पाणी येऊ द्यायचे आणि माती अडवायची. वाळूची टोपली कोणी वाहिली? आम्हीच. बहात्तरला मायच्या डोक्यावर टोपले होते, अठ्ठ्याऐंशीला माझ्या. पंचमीचा झोका त्या वर्षी कोणी बांधला नाही. कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत काम चालले. उजाडताना धार बारीक झाली होती आणि पाणी निवळले होते.

पुढे हिवाळ्यात तळे उतरल्यावर तिथे खणून पाहिले, तेव्हा कुजलेल्या बाभळीच्या मुळांनी आतपर्यंत पोकळी केलेली आढळली. मुळे कुजली आणि त्यांच्या वाटेने पाणी निघाले. ती जागा खणून, नवी माती थराथराने दाबून दुरुस्त करण्यात आली.

आम्ही वाचलो. सगळीकडे असे होत नाही. १९६१ च्या १२ जुलै रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली होती. त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरच्या धरणाचा मातीचा भराव पाण्याखाली जाऊन फुटला आणि मोरवी शहर बुडाले. आणि अगदी अलीकडे, २ जुलै २०१९ च्या रात्री, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती आहे, असे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. खेकड्यांनी धरण पोखरले, असेही नंतर म्हटले गेले आणि त्यावर पुष्कळ थट्टा झाली. परंतु भगिनींनो, खेकडा असो, घूस असो किंवा बाभळीचे मूळ असो, ते एका रात्रीत पाळ पोखरीत नाही. त्याला वर्षे लागतात. त्या वर्षांत पाहणारे कोणी होते की नाही, हा प्रश्न थट्टेचा नाही.

आपले काम

धरणांच्या सुरक्षिततेसाठी देशात २०२१ साली कायदा झाला, ही चांगली गोष्ट आहे. मात्र तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आपल्या शिवारातली बहुतेक तळी त्याहून ठेंगणी. त्यांच्या देखभालीला त्या त्या खात्याचे लोक असतात, पण तळी शेकडो आणि माणसे थोडी. शिवाय पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. महिन्याचा पाऊस एका रात्रीत पडतो. बीड शहराने २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेचा पूर पाहिला आणि त्यात माणसे गमावली. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरातही मराठवाड्याने महापूर सोसला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पावसाचा अंदाज धरून सांडवे बांधले, ते आजच्या पावसाला पुरतील का, हे जाणत्यांकडून तपासून घेतले पाहिजे.

आपल्याला काय करता येईल? फार नाही, पण जे येईल ते नेमाने करावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि तळे भरल्यावर दर आठवड्याला पाळीवरून चालत जावे. पाळीवर बाभूळ, लिंब, वेडी बाभूळ उगवली तर ती रोप असतानाच उपटावी; मोठी झाली तर नुसती तोडू नये, मुळासकट काढून खड्डा नीट दाबून भरून घ्यावा. गवत असू द्यावे, ते माती धरते. घराला मुरूम हवा म्हणून पाळीचा मुरूम आणू नये आणि कोणी आणत असेल तर गप्प बसू नये. बिळे, भेगा, खचलेली जागा, निसटलेले दगड दिसले तर ग्रामपंचायतीला तोंडी न सांगता लेखी कळवावे. सांडव्यात कोणाला दगड रचू देऊ नये, पेरू देऊ नये, टपरी टाकू देऊ नये. आणि ओढ्याचे पाणी पाऊस नसता गढूळ आले, तर हातातले धुणे तिथेच टाकून गावाकडे धावावे.

हे शेवटचे काम बायकांइतके चांगले कोणी करू शकत नाही. पाण्याचा रंग, वास, चव आणि त्याची पातळी रोज पाहणारे डोळे आपले आहेत. इंजिनियर वर्षातून एकदा येईल, आपण रोज जातो. नळ आल्यापासून ओढ्यावर जाणे कमी झाले, हे खरे. झाले ते बरेच झाले. हंड्याचे दिवस परत यावेत, असे मला मुळीच वाटत नाही. परंतु नळ आला तरी त्याच्या मागे विहीर आहे, विहिरीच्या मागे तळे आहे आणि तळ्याच्या मागे ती मातीची पाळ आहे. नळाची तोटी सोडताना तिची आठवण राहावी.

माझी माय आता नाही. तिच्या हातचे दागिने मोडून दुष्काळात दाणे आले, तेव्हा ठेवण म्हणून माझ्याकडे तिचे काही नाही. परंतु माहेरी गेले की मी पाळीवर एक फेरी मारते. त्या पाळीत तिने वाहिलेली टोपली कुठली, हे ओळखता येत नाही. पण ती त्यात आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्या प्रत्येकीच्या शिवारात अशी एक पाळ आहे आणि तिच्यात कोणाच्या ना कोणाच्या आजीची, मायची टोपली आहे. ती ठेव आपण सांभाळली पाहिजे.

येत्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमांत हळदीकुंकवाबरोबर एक दिवस 'पाळफेरी'साठी ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. मंडळाच्या पुढील वाटचालीस माझ्या मनापासून शुभेच्छा.